एंडेव्हर: शिडाच्या जहाजावरचा एक दिवस आणि त्यातून वर्गात काय नेता येईल



इतिहास शिकवताना कोलंबस, वास्को द गामा, जेम्स कुक ही नावं एकामागून एक येतात. नाव, साल, देश असा तक्ता मुलं पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. जहाज म्हणजे नेमकं काय होतं, त्यावर माणसं झोपायची कुठे, वारा पडला की काय करायची, किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला ते जहाज कसं दिसलं असेल, हे त्या तक्त्यात येत नाही. यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं एका दिवसात हाताला लागतील अशी एक जागा ऑस्ट्रेलियात सिडनीला आहे. तिथल्या डार्लिंग हार्बरमध्ये, ऑस्ट्रेलियन नॅशनल मेरिटाइम म्युझियमच्या धक्क्याला, कुकच्या 'एंडेव्हर' जहाजाची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभी असते. धक्क्याला असताना तिकीट काढून ती आतून बघता येते आणि ठराविक दिवशी तिच्यावरून समुद्रात जाताही येतं.

सिडनीत बरीच मराठी कुटुंबं राहतात. सुट्टीत मुलांकडे जाणारे आजी-आजोबाही पुष्कळ. त्यांना हे टिपण उपयोगी पडेलच, पण ज्यांना तिथे कधी जाता येणार नाही त्यांच्यासाठीही ते लिहितेय. कारण या जहाजावरून शिकण्यासारखी मुख्य गोष्ट आपल्या वर्गातही करता येते. ती म्हणजे, जुन्या वस्तूची प्रतिकृती समोर आली की तीन प्रश्न विचारायचे. यातलं नक्की माहीत असलेलं किती? अंदाजाने केलेलं किती? आणि आजच्या सोयीसाठी घातलेलं किती?

मूळ जहाज कोणतं होतं?

मूळ जहाज १७६४ मध्ये इंग्लंडमधल्या व्हिटबी या बंदरात बांधलं गेलं. तेव्हा त्याचं नाव होतं 'अर्ल ऑफ पेम्ब्रोक' आणि काम होतं कोळसा वाहायचं. १७६८ मध्ये ब्रिटिश नौदलाने ते विकत घेतलं, डागडुजी केली आणि 'एंडेव्हर' असं नाव दिलं.

इथे मुलांना विचारावं, की जगप्रवासासाठी नौदलाने कोळशाची गाडी का निवडली? एखादं वेगवान, देखणं लढाऊ जहाज का नाही? मुलं थोडा विचार करतात आणि मग उत्तरं येतात. कोळशाच्या जहाजाचं पोट मोठं, म्हणजे दीड-दोन वर्षांचं खाणंपिणं भरता येतं. तळ सपाटसर, म्हणजे उथळ पाण्यात जाता येतं आणि वेळ पडली तर किनाऱ्यावर टेकवून दुरुस्तीही करता येते. बांधा दणकट. वेग कमी, पण अनोळखी किनाऱ्यावर वेगापेक्षा टिकणं महत्त्वाचं.

ही निवड किती शहाणपणाची होती ते ११ जून १७७० च्या रात्री कळलं. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर जहाज प्रवाळाच्या खडकावर चढलं आणि अडकलं. तोफा, दगड, पिंपं असं चाळीस-पन्नास टन वजन समुद्रात फेकून दिल्यावर ते सुटलं. भोक पडलं होतं, पण प्रवाळाचा एक तुकडा मोडून त्याच भोकात अडकून बसला होता. खलाशांनी एका शिडाला जुन्या दोराचे धागे, लोकर आणि शेण फासलं आणि ते शीड जहाजाच्या पोटाखालून ओढून भोकावर बसवलं. पाण्याच्या दाबानेच ते आत खेचलं गेलं आणि गळती कमी झाली. मग जवळच्या एका नदीच्या मुखाशी जहाज किनाऱ्याला टेकवून दुरुस्ती झाली. सपाट तळ नसता तर ते जमलं नसतं. फेकून दिलेल्या सहा तोफा १९६९ मध्ये, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांनी, समुद्रतळाशी सापडल्या.

ही प्रतिकृती कशी झाली?

प्रतिकृतीचं काम १९८८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल इथे सुरू झालं. मध्येच पैसे देणारी कंपनी अडचणीत आली, काम रखडलं, मग एका विश्वस्त संस्थेने ते पुढे नेलं. डिसेंबर १९९३ मध्ये जहाज पाण्यात उतरलं. त्यानंतर ते स्वतःच्या शिडांवर इंग्लंडपर्यंत जाऊन आलं, जगप्रदक्षिणाही करून आलं. २००५ पासून ते सिडनीच्या संग्रहालयाकडे आहे.

हे शक्य झालं कारण नौदलाने १७६८ मध्ये जहाज घेताना त्याचे मोजमाप घेऊन आराखडे काढून ठेवले होते आणि ते लंडनजवळ ग्रिनिचच्या संग्रहालयात आजही जपलेले आहेत. जहाजाची लांबी-रुंदी, पोटाची गोलाई, खोल्या कुठे, जिने कुठे, हे सगळं त्यात आहे. पण आराखड्यात सगळंच नसतं. भिंतीवर हुक कुठे होता, टेबलावर भांडी कशी रचत, हे आराखडा सांगत नाही. ते त्या काळातल्या इतर जहाजांवरून, चित्रांवरून आणि खलाशांच्या रोजनिशांवरून ठरवावं लागतं. म्हणजे आपला पहिला आणि दुसरा प्रश्न इथेच सुरू होतो.

लाकूडही बदललं. मूळ जहाज इंग्लंडमध्ये मिळणाऱ्या लाकडाचं होतं. प्रतिकृतीचा सांगाडा पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जारा नावाच्या टणक लाकडाचा आहे आणि डोलकाठ्यांना डग्लस फर वापरलं आहे. शिडं तागाच्या कापडाऐवजी तसंच दिसणाऱ्या पण न कुजणाऱ्या कृत्रिम कापडाची आहेत. मुलांना हे सांगताना 'म्हणजे खोटंच की!' अशी प्रतिक्रिया येते. तेव्हा सांगावं की हे लपवलेलं नाही. विचारलं की लगेच सांगतात. काय बदललं आणि का बदललं हे प्रामाणिकपणे सांगणं हाच प्रतिकृतीचा खरेपणा.

डेकवर: दोरांचं जंगल

जहाजावर पाय ठेवला की आधी दिसतात दोर. जिकडे बघावं तिकडे दोर. जहाजावर एकूण जवळजवळ ३० किलोमीटर दोर आणि साडेसातशेच्या आसपास लाकडी कप्प्या आहेत. विहिरीवरची कप्पी आपल्या मुलांना माहीत असते. इथे तीच कप्पी शेकडोंनी दिसते.

विज्ञानातला 'साधी यंत्रे' हा धडा इथे आपोआप होतो. एका स्थिर कप्पीने फक्त ओढण्याची दिशा बदलते. पण वर एक आणि खाली हलणारी एक अशा दोन कप्प्या जोडल्या की वजन निम्म्या जोराने उचलता येतं, मात्र दोर दुप्पट ओढावा लागतो. जोर वाचला, अंतर वाढलं. फुकट काहीच मिळत नाही. १७६८ मध्ये इंजिन नव्हतं, विजेची मोटर नव्हती. शेकडो किलो वजनाची परबाणं, म्हणजे शीड बांधायचे आडवे वासे, माणसांनी वर चढवली ती या कप्प्यांच्या आणि एकत्र जोर लावण्याच्या बळावर.

प्रत्येक दोराला नाव आहे आणि ठरलेली जागा आहे. वरवर सगळे सारखे दिसतात. पण रात्रीच्या अंधारात, पावसात, जहाज डोलत असताना नेमका हवा तोच दोर हाताला लागला पाहिजे. म्हणून नवीन खलाशाला आधी दोर पाठ करावे लागत. आपल्याकडे पाढे पाठ करण्यावरून वाद होतात, त्या वादात हे उदाहरण चांगलं आहे. काही गोष्टी समजून घ्यायच्या असतात आणि काही अशा पाठ असाव्या लागतात की विचार करायला वेळ नसतानाही हात बरोबर जागी जातो.

मधली डोलकाठी सुमारे ३९ मीटर उंच आहे. मुलांना मीटर कळत नाहीत, मजले कळतात. साधारण बारा-तेरा मजली इमारत म्हणा. जोराचा वारा सुटला की खलाशी तिथे वर चढून, परबाणाखाली बांधलेल्या एका दोरावर पाय ठेवून, पोट परबाणावर टेकवून शीड गुंडाळत. तेव्हा कमरेला सुरक्षेचा पट्टा नव्हता. आज सफरीवर वर चढणाऱ्याला पट्टा बांधावाच लागतो. हा झाला आपला तिसरा प्रश्न.

डेकखाली: चौदा इंच जागा

खाली जायला जिना नाही, शिडी म्हणावी इतका उभा उतार आहे. तोंड शिडीकडे करून, धरून उतरायचं. खाली उतरलं की साध्या खलाशांची जागा लागते. जेवण, झोप, गप्पा, सगळं तिथेच. टेबलं वरून दोरांनी टांगलेली, म्हणजे जहाज डोललं तरी फार हलू नयेत. एका बाजूला लोखंडी चूल. रात्री तीच टेबलं बाजूला सारून छताला झुले बांधायचे.

एका झुल्यासाठी नौदलाच्या नियमाने रुंदी मिळायची चौदा इंच, म्हणजे साधारण ३६ सेंटिमीटर. सगळे एका वेळी झोपत नसत, काही पहाऱ्यावर असत, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी जास्त जागा मिळे, एवढाच दिलासा. जहाज निघालं तेव्हा त्यावर ९४ माणसं होती.

मागच्या भागात अधिकाऱ्यांच्या छोट्या खोल्या आहेत. तिथे छत इतकं खाली आहे की काही जागी सहावी-सातवीतल्या मुलालाही वाकून चालावं लागतं. याचं कारण गमतीचं आहे. जहाज मुळात कोळशाचं. शास्त्रज्ञ आणि त्यांचा लवाजमा येणार म्हटल्यावर होत्या त्याच पोटात जास्तीच्या खोल्या बसवल्या. मुंबईत एका खोलीत पोटमाळा काढतात, तसाच प्रकार.

सगळ्यात मागे मोठी केबिन. काचेच्या खिडक्या, भरपूर उजेड, मोठं टेबल. कप्तानाची ही खास जागा या प्रवासात मात्र कुकला वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांबरोबर वाटून घ्यावी लागली. त्याच टेबलावर एकीकडे नकाशे काढले जात होते आणि दुसरीकडे झाडपाला दाबून वाळवला जात होता, मासे आणि पक्षी चितारले जात होते. खलाशाची चौदा इंच जागा आणि ही केबिन, दोन्ही एकापाठोपाठ बघितल्या की 'समाजातली विषमता' हा शब्द वेगळा समजवावा लागत नाही.

जहाजावर दुधासाठी एक शेळीही होती. ती याआधी 'डॉल्फिन' नावाच्या जहाजावरून एकदा जग फिरून आलेली. एंडेव्हरवर तिची दुसरी जगप्रदक्षिणा झाली. आणि मुलं हमखास विचारतात तो प्रश्न: शौचालय कुठे होतं? जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला, खाली समुद्र, वर भोक पाडलेली फळी. वाऱ्यात, लाटांत, तिथे जायचं.

कोबीची गोष्ट

पालकांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. लांबच्या प्रवासात ताजं अन्न नसल्याने खलाशांना स्कर्व्ही व्हायचा. हिरड्या सुजायच्या, रक्त यायचं, जुन्या जखमा उघडायच्या आणि माणसं मरायची. 'क' जीवनसत्त्वाचा शोध तेव्हा लागलेला नव्हता. कुकने जहाजावर मिठात आंबवलेला कोबी भरपूर घेतला होता, पण खलाशी त्याला तोंड लावायला तयार नव्हते.

मग त्याने एक युक्ती केली. अधिकाऱ्यांच्या टेबलावर तो कोबी रोज वाढायचा आणि अधिकाऱ्यांनी तो आवडीने खायचा. खलाशांना सांगितलं, तुम्हाला हवा तर घ्या, नको तर राहू द्या. थोड्याच दिवसांत मागणी इतकी वाढली की कोबी मोजून द्यायची वेळ आली. कुकने हे स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवलंय. कारल्याच्या भाजीवरून रोज ताटाशी भांडणाऱ्या घरांना हा उपाय करून बघायला हरकत नाही.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. याच प्रवासाच्या सुरुवातीला ताजं मांस खायला नकार दिला म्हणून दोघांना प्रत्येकी बारा फटके मारले गेले होते. माणूस एकच. कुठे युक्ती, कुठे चाबूक. मोठ्या वर्गात यावर चांगली चर्चा होते.

आणि शेवटी मोठा घात स्कर्व्हीने केला नाही. आजच्या जाकार्तामध्ये, तेव्हाच्या बटाव्हियात, दुरुस्तीसाठी थांबले असताना हिवताप आणि हगवण यांनी जहाजाला गाठलं. तिथे आणि तिथून परतताना तीसहून अधिक माणसं गेली. जहाज जुलै १७७१ मध्ये इंग्लंडला पोहोचलं.

जहाज निघालं की

सफरीच्या दिवशी जहाज धक्क्यापासून निघतं ते इंजिनावर. हो, या जहाजाला इंजिन आहे. मूळ जहाजात जिथे सामानाचं कोठार होतं, त्या तळाच्या जागेत दोन डिझेल इंजिनं, आधुनिक स्वयंपाकघर, न्हाणीघरं आणि शौचालयं बसवली आहेत. वरचे डेक अठराव्या शतकातले, सगळ्यात खालचा विसाव्या शतकातला. मुलांना हे दाखवायलाच हवं.

इंजिन का लागतं? कारण आडव्या परबाणांवरची चौकोनी शिडं वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाहीत. वारा मागून किंवा बाजूने आला तरच जहाज चांगलं चालतं. गजबजलेल्या बंदरात, फेरीबोटींच्या गर्दीत, वारा बदलेपर्यंत थांबा म्हणता येत नाही. कुक मात्र थांबायचा. कधीकधी दिवसेंदिवस.

डार्लिंग हार्बरहून समुद्राकडे जाताना वाटेत सिडनीचा प्रसिद्ध पूल लागतो. खालून बघताना डोलकाठी आता पुलाला आपटणार असं वाटतं. पुलाखाली पाण्यापासून सुमारे ४९ मीटर जागा आहे आणि डोलकाठी ३९ मीटरची. वजाबाकी मुलांनी करायची.

मोकळ्या पाण्यात आलं की शिडं सोडतात. प्रवाशांनाही दोर ओढायला घेतात. एका दोराला दहा-पंधरा जण, पुढारी हाळी देतो आणि सगळे एकदम ओढतात. आपल्याकडे होडी ओढताना कोळी बांधव 'हैशा' म्हणून जोर लावतात, तसंच. एकेकट्याने ताकद लावली तर दोर हलत नाही. सगळ्यांचा जोर एका क्षणी पडला की सरसर येतो. शिडात वारा भरतो, इंजिन बंद होतं आणि एकदम शांत होतं. मग ऐकू येतं ते लाकडाचं कुरकुरणं आणि पाण्याचा आवाज. जहाज डोलतंही बरंच. पोट फुगीर असल्याचा हा परिणाम. संग्रहालयात काचेमागे ठेवलेलं जहाज कितीही हुबेहूब असलं तरी हे सांगू शकत नाही. प्रतिकृती समुद्रात नेण्याचा खरा फायदा हाच.

गाठींवरून वेग

जहाजाचा वेग 'नॉट'मध्ये मोजतात आणि नॉट म्हणजे गाठ. हे का, ते वर्गात करून दाखवता येतं.

एका दोराला ठराविक अंतरावर गाठी मारायच्या. टोकाला लाकडी फळी. ती फळी मागे समुद्रात टाकली की पाण्यात जवळजवळ एका जागी राहते, जहाज पुढे जातं, दोर सुटत जातो. २८ सेकंदांची वाळूची घटिका रिकामी होईपर्यंत हातातून जितक्या गाठी गेल्या, तितके नॉट. दोन गाठींमधलं अंतर ४७ फूट ३ इंच, म्हणजे १४.४ मीटर ठेवायचे.

आता गणित. २८ सेकंदांत १४.४ मीटर, म्हणजे सेकंदाला साधारण ०.५१४ मीटर. तासाला किती? ०.५१४ गुणिले ३६००, म्हणजे सुमारे १८५० मीटर, १.८५ किलोमीटर. आजचा एक नॉटही तासाला १.८५२ किलोमीटर एवढाच. अडीचशे वर्षांपूर्वीचा दोर आणि आजचं पुस्तक यांचं उत्तर जुळतं.

शाळेच्या मैदानावर अंतर आणि वेळ दोन्ही निम्मे करा. ७.२ मीटरवर गाठी, १४ सेकंद वेळ. एका मुलाने दोराचं टोक धरून जागेवर उभं राहायचं, दुसऱ्याने गुंडाळा सोडत चालायचं, तिसऱ्याने घड्याळ बघायचं आणि चौथ्याने गाठी मोजायच्या. चालणाऱ्याचा वेग दोन ते तीन नॉट येईल. धावून बघा, मग सायकलवरून.

किनाऱ्यावरून दिसलेलं जहाज

हा भाग वगळून चालणार नाही. २९ एप्रिल १७७० रोजी कुकची माणसं आजच्या सिडनीजवळच्या खाडीत उतरू लागली, तेव्हा किनाऱ्यावर ग्वीगल लोकांपैकी दोन पुरुष भाले घेऊन उभे राहिले. समोर होड्या भरून माणसं आणि बंदुका, इकडे दोघं. बंदुकीचे बार झाले, एकाला छर्रे लागले, तरी ते लगेच हटले नाहीत. नंतर त्यांच्या वस्तीतून चाळीस-पन्नास भाले उचलून जहाजावर नेले गेले. या लोकांना आम्ही निघून जावं एवढंच हवंय असं दिसतं, या अर्थाचं कुकने स्वतः लिहिलंय. त्यातले चार भाले केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजकडे होते. ते २०२४ मध्ये, अडीचशेहून जास्त वर्षांनी, तिथल्या मूळ लोकांना परत मिळाले.

जहाज दुरुस्तीला टेकलं होतं त्या नदीकाठी गुगु यिमिथिर लोक राहत. सुरुवातीला ओळख झाली, 'कांगारू' हा शब्द त्यांच्याच भाषेतून जगभर गेला. पुढे भांडण झालं ते कासवांवरून. खलाशांनी डझनभर कासवं पकडली. स्थानिकांनी एक मागितलं, नकार मिळाला. त्यांनी गवताला आग लावली, इकडून गोळी चालली. मग एक म्हातारा टोक मोडलेला भाला घेऊन पुढे आला आणि समेट झाला. त्यांच्या दृष्टीने पाहुण्यांनी न विचारता, मर्यादेबाहेर त्यांचं अन्न घेतलं होतं. वर्गात ही गोष्ट आधी जहाजावरच्या मुलाच्या तोंडून आणि मग किनाऱ्यावरच्या मुलाच्या तोंडून लिहायला द्या. 'कुकने ऑस्ट्रेलिया शोधला' हे वाक्य मुलं पुन्हा सहज लिहिणार नाहीत. आणि युरोपीय म्हणूनही तो पहिला नव्हताच. १६०६ मध्ये 'डायफकेन' हे डच जहाज तिथे पोहोचलं होतं.

एंडेव्हरवर पॅसिफिकमधला तुपाया नावाचा एक दर्यावर्दी पुजारीही होता. तो ताहितीला जहाजावर चढला. न्यूझीलंडच्या माओरींशी तो बोलू शकत असे, कारण भाषा एका कुळातल्या. आसपासच्या बेटांचा नकाशा त्याच्या माहितीवरून काढला गेला. तोही बटाव्हियात आजारी पडून वारला. पुस्तकात कप्तानाचं नाव येतं. वाट सांगणाऱ्याचंही आपण सांगायला हवं.

आपल्याकडचं उदाहरण

'आपल्याकडे असं काही आहे का?' हा प्रश्न मुलं विचारतील. आहे, आणि ते जास्त अवघड आहे. एंडेव्हरचे आराखडे होते. अजिंठ्याच्या लेण्यातल्या भित्तिचित्रात एक शिडाचं जहाज रंगवलेलं आहे. फक्त चित्र, मापं नाहीत. त्यावरून गोव्यात एक जहाज बांधलं गेलं. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याच्या दोराने शिवलेल्या आहेत. हे काम केरळच्या पारंपरिक कारागिरांच्या हातचं. मे २०२५ मध्ये कारवारला ते 'कौंडिण्य' या नावाने नौदलात दाखल झालं. डिसेंबर २०२५ मध्ये ते पोरबंदरहून निघालं आणि जानेवारी २०२६ मध्ये ओमानमधल्या मस्कतला पोहोचलं.

इथे आपले तीन प्रश्न लावून बघा. नक्की माहीत असलेलं थोडं, अंदाज पुष्कळ. पण शिवणकामाची पद्धत कारागिरांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या टिकून होती, तिला कोणत्या रकान्यात घालायचं? मुलांना भांडू द्या. अंदाज चुकीचा असता तर समुद्राने सांगितलं असतं, हेही कुणीतरी म्हणेल.

जाणाऱ्यांसाठी आणि वर्गासाठी

जहाजावर जाणार असाल तर सपाट, न घसरणारे बूट घाला. साडी किंवा लांब झगा शिडीवर अडकतो, त्यापेक्षा सलवार किंवा पॅन्ट बरी. पाठीवरची मोठी पिशवी बाहेरच ठेवलेली बरी, आत वळायला जागा नसते. डोकं सांभाळा. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी वरचा डेक बघून समाधान मानावं. मार्गदर्शक बरेचदा स्वयंसेवक असतात आणि मुलांच्या प्रश्नांना मनापासून उत्तरं देतात, म्हणून प्रश्न घरून लिहून न्या. सफरीचा दिवस आधी संग्रहालयाकडे विचारून ठरवा, रोज जहाज निघत नाही.

जाता येणार नसेल तर वर्गात एवढं करा. जमिनीवर खडूने ३६ सेंटिमीटर रुंदीचे पट्टे आखा आणि मुलांना त्यात ओळीने निजायला सांगा. गाठींचा दोर करा. दोन कप्प्या टांगून पाण्याची बादली उचला. आणि मग जवळचा एखादा किल्ला, जुना वाडा किंवा संग्रहालयातली एखादी वस्तू घेऊन तीन रकान्यांचा तक्ता करायला द्या: नक्की माहीत, अंदाज, आजची भर. दुरुस्त केलेल्या बुरुजात सिमेंट कुठे आहे हे मुलं आपल्याआधी शोधतात. तो तक्ता भरताना ज्या चौकटी रिकाम्या राहतील, त्यांच्यापासून पुढचा तास सुरू करा.